क्लॅप्टनची ‘लैला’: त्या पियानोच्या शेपटाचं काय करायचं?

जुना फलाट (शुक्रवार, रात्री ११.१०)

सांगलीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा होस्टेलच्या खोलीत एक टेपरेकॉर्डर आणि पाच कॅसेट. चार हिंदी. पाचवी मुंबईकर रूममेटनं दुकानातून भरून आणलेली. तेव्हा यादी दिली की कोऱ्या साठच्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून मिळायची, पन्नाशी गाठलेल्यांना आठवत असेल. त्या कॅसेटच्या ‘ए’ बाजूला शेवटचं गाणं होतं ‘लैला’. बँड डेरेक अँड द डॉमिनोज, साल १९७०, गायला आणि गिटारला एरिक क्लॅप्टन.

इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं. पण सुरुवातीच्या त्या गिटारीला भाषा कशाला लागते? एवढासा तुकडा, पुन्हा पुन्हा. बंद दारावर कुणीतरी मुठी आपटतंय आणि आतलं माणूस काही कडी काढत नाही. मग क्लॅप्टन घसा खरवडून ते नाव घेतो आणि खालच्या मजल्यावरचा सिव्हिलचा पोरगा वर येऊन सांगतो, आवाज कमी कर.

पुढे शब्द कळले. मथितार्थ असा, की तुझ्या माणसानं तुला दुखवलं तेव्हा मी सावरायला आलो आणि मूर्खासारखा तुझ्यातच अडकलो. आता गुडघ्यावर आलोय, हात जोडतोय, डोकं फिरायच्या आत काहीतरी मार्ग काढ. रॉकमधला बाप्या एरवी छाती काढून उभा असतो. पंचविशीतला, लंडनच्या भिंतींवर ज्याला देव म्हणून रंगवलं होतं असा गिटारवाला इथे सगळी अब्रू खुंटीला टांगून विनवण्या करतो, हे मला आजही थोर वाटतं. माझ्या लेखी यापेक्षा मोठं प्रेमगीत रॉकमध्ये नाही.

आता तक्रार. तीन मिनिटं झाली की हे सगळं थांबतं आणि कुठूनसा एक पियानो सुरू होतो. निवांत, जेवण झाल्यावर कुणी शतपावली करावी तसा. आमच्या कॅसेटमध्ये हा पियानो जरा कुठे सुरू झाला की टेप संपायची. खट्. बटण वर. त्यामुळे माझ्यासाठी गाणं तिथेच संपतं. आजही मोबाइलवर लावलं तरी पियानो आला की बोट आपोआप पुढच्या गाण्यावर जातं. मूळ गाणं सात मिनिटांचं आहे म्हणे. म्हणजे निम्म्याहून जास्त हे शेपूटच!

जाणकारांनी सांगावं, हे शेपूट कशाला?

सुरमई थाळी (शुक्रवार, रात्री ११.३२)

पहिला प्रतिसाद माझा. शेपूट म्हणालात, आता रविवारपर्यंत धागा हलत नाही बघा इथून. मी वडे घेऊन बसतो.

निळी बरणी (शनिवार, सकाळी ७.०५)

फलाटराव, धागा छान, पण ‘तुझ्या माणसानं दुखवलं’ यातला तो ‘माणूस’ कोण हे लिहिलंच नाहीत. नवीन वाचकांसाठी सांगते.

लैला म्हणजे पॅटी बॉइड. मॉडेल होती. १९६४ मध्ये बीटल्सच्या पहिल्या सिनेमात तिला शाळकरी मुलीचं इवलंसं काम होतं, तिथे बीटल्सपैकीच एक, जॉर्ज हॅरिसन, भेटला. जानेवारी १९६६ मध्ये लग्न. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघं मुंबईत ताजमध्ये उतरली होती, जॉर्जला रविशंकरांकडे सतार शिकायची होती. बातमी फुटली, हॉटेलखाली गर्दी झाली आणि मंडळी काश्मीरला गेली. तेव्हा ही ‘लैला’ एकेकाळी आपल्या अपोलो बंदरावरचं खारं वारं खाऊन गेलेली आहे.

क्लॅप्टन हा जॉर्जचा जिवलग. १९६८ मध्ये जॉर्जनं त्याला बीटल्सच्या गाण्यात गिटार वाजवायला नेलं होतं. १९६९ च्या वसंतात जॉर्जनं सूर्यावरचं ते प्रसिद्ध गाणं लिहिलं तेही क्लॅप्टनच्या बागेत बसून. कहर म्हणजे हे डॉमिनोज जमले कुठे, तर १९७० मध्ये जॉर्जच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बमच्या रेकॉर्डिंगला. मित्राच्या अल्बमवर वाजवायचं आणि मग त्याच साथीदारांना घेऊन मित्राच्या बायकोसाठी गाणं करायचं!

पॅटीनं २००७ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्यातलं एक मला विसरता येत नाही. तिला एक चिठ्ठी आली. बारीक अक्षर, वर नाव नाही, फक्त ‘एल’, खाली सही ‘ई’. तिला वाटलं कुणी खुळा चाहता असणार. तिनं ती स्वयंपाकघरात नवऱ्यालासुद्धा दाखवली आणि सगळे हसले. संध्याकाळी क्लॅप्टनचा फोन: माझं पत्र मिळालं का?

पुढे एकदा त्यानं तिला लंडनमधल्या एका फ्लॅटवर बोलावून टेप लावली. दोन-तीनदा. ऐकताना तिच्या तोंडाकडे बघत बसला. गाणं ऐकून ती हरखली, पण आधी मनात काय आलं, तर देवा, हे कुणासाठी आहे ते आता जगाला कळणार. त्याच रात्री एका पार्टीत क्लॅप्टननं जॉर्जला तोंडावर सांगितलं, तुझ्या बायकोवर माझं प्रेम आहे. जॉर्जनं तिला विचारलं, याच्याबरोबर जाणार की माझ्याबरोबर घरी येणार? ती घरी गेली.

त्यानंतर क्लॅप्टननं तिला एक पुडी दाखवली. नाही आलीस तर मी हे घेणार. हेरॉइन होतं. ती आली नाही, त्यानं घेतलं. जवळजवळ तीन वर्षं घरात कोंडून.

ते थोर वगैरे ठीक. पण मी हे वाचल्यापासून गाणं ऐकते तेव्हा मला गुडघ्यावर आलेला तो दिसत नाही. खुर्चीत बसलेली ती दिसते. समोर टेप फिरतेय आणि कुणीतरी तिच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते बघतोय.

गप्पिष्ट गणू (शनिवार, सकाळी ९.४०)

म्हणजे हे प्रेमगीत नाही, धमकीपत्र आहे. ‘माझं डोकं फिरायच्या आत’ म्हणे. उद्या माझ्या मित्रानं माझ्या बायकोवर असलं काही रचलं तर मी त्याला शेपटासकट गच्चीवरून खाली सोडीन. आणि तुम्ही इथे अब्रू, खुंटी, थोर! हाच मजकूर आपल्या गल्लीतल्या पोरानं लिहिला असता तर त्याला आपण सडकछाप मजनू म्हटलं असतं. गोऱ्यानं गिटारीवर म्हटलं की अभिजात.

खर्जातला सा (शनिवार, दुपारी १.१५)

गणू, मुद्दा रास्त आहे. पण मला गाण्याकडे यायचंय. मी हार्मोनियम शिकवतो, रॉकवाला नव्हे. हे गाणं एका विद्यार्थ्यानं वाजवायला मागितलं म्हणून बसवलं होतं.

सुरुवातीचा तो तुकडा क्लॅप्टनचा नाहीच मुळी. मायामीत रेकॉर्डिंग चालू असताना, ऑगस्ट १९७० मध्ये, ऑलमन ब्रदर्स या बँडचा कार्यक्रम होता. क्लॅप्टन तिथे गेला आणि ड्वेन ऑलमन या गिटारवाल्याला स्टुडिओत घेऊन आला. पोरगं २३ वर्षांचं. क्लॅप्टनजवळ ‘लैला’ होती ती संथ, बऱ्यापैकी बॅलडसारखी. ड्वेननं अल्बर्ट किंग या जुन्या ब्लूजवाल्याच्या एका रडक्या गाण्यातली ओळ उचलली, तिची लय दामटली आणि हा तुकडा झाला. तुम्हाला ज्या मुठी दारावर ऐकू येतात ना, त्या मुळात ठाय लयीतला उसासा होता.

आता पट्टीची गंमत. हा तुकडा डी मायनरमध्ये, म्हणजे आपली पांढरी दोन. सोयीसाठी आसावरीचे स्वर समजा. कडवं सुरू झालं की षड्जच घसरतो, काळी एककडे. अर्धा सूर खाली. कडव्यात तो तिला समजावतोय, आवाज त्यातल्या त्यात ताब्यात आहे. कडवं संपत आलं की सूर पायरी पायरीनं वर रेटले जातात आणि ‘लैला’ या हाकेला आपण परत पांढरी दोनवर येऊन आदळतो. दर वेळी. समजावणीचा प्रयत्न फसला की आरडाओरडा. मी विद्यार्थ्याला सांगितलं, अरे, हे घरातलं भांडण आहे, असंच चढत जातं.

आणि तुमचं शेपूट पांढरी एकवर आहे. स्वर बहुतेक बिलावलचे, मधूनच कोमल निषाद डोकावून जातो. म्हणजे आख्खं गाणं दोन आणि काळी एक यांच्यात हेलपाटे घालतं आणि शेवटी त्याहून खाली, एकवर, येऊन बसतं. दमलेला माणूस बसतो तसं. शतपावली नव्हे हो. बसणं.

दख्खनी चहा (शनिवार, दुपारी ४.२०)

मजनूचा विषय निघाला म्हणून आलो. आमच्या औरंगाबादेत आजोबा निजामाच्या शाळेत फारसी शिकलेले, त्यामुळे हे घरचं प्रकरण.

क्लॅप्टनला हे नाव मिळालं ते निजामी गंजवीच्या काव्यातून. इयन डॅलस नावाच्या मित्रानं त्याला ती कथा दिली. तो पुढे मुसलमान होऊन मोठा सूफी म्हणून नावारूपाला आला. निजामी बाराव्या शतकातला, गंजाचा, म्हणजे आजच्या अझरबैजानचा. ‘लैला-मजनून’ ११८८ मधलं. कथा त्याहून जुनी, अरबस्तानातल्या कैस नावाच्या कवीची. आपल्या अमीर खुसरोनंही पुढे शंभरेक वर्षांनी ती लिहिली. राजस्थानात अनूपगढजवळ बिंजौरला तर या दोघांची म्हणून मजार दाखवतात, जूनमध्ये जत्रा भरते. एवढी ती आपल्याकडे मुरलेली आहे.

‘मजनून’ म्हणजे ज्याला जिन्नानं धरलंय तो. मराठीत अचूक शब्द ‘पछाडलेला’ (हसू नका). आपण त्याचा गल्लीतला मजनू केला, शिट्टी मारणारा. निजामीचा मजनून शिट्टी मारत नाही. बाप त्याला बरा व्हावा म्हणून मक्केला नेतो. म्हणतो, काबा धरून माग, हे वेड जाऊ दे. हा कडी धरतो आणि मागतो, वेड वाढू दे. माझं आयुष्य काढून तिला घाल.

आणखी एक प्रसंग आहे. लैलाचं लग्न दुसऱ्याशी लावून दिलंय. एकदा कसंबसं जमवून दोघं बागेत भेटतात. लैला दहा पावलं अलीकडे थांबते. यापुढे मी येणार नाही, म्हणते, तू तुझ्या कविता म्हण. तो म्हणतो. आणि उठून वाळवंटात चालू पडतो. दहा पावलं तो ओलांडत नाही.

आता गणूचं म्हणणं घ्या. निजामीच्या हिशेबात मजनूननं लैलाकडे काही मागायचंच नसतं. मागितलं की तो मजनून उरत नाही. क्लॅप्टननं नाव तिथून घेतलं आणि गाणं मागण्याचं केलं. दहा पावलं ओलांडून दारावर मुठी. दोष देत नाहीये. पंचविशीचा इंग्रज पोरगा, त्याला निजामी तेवढाच लागला. पण गंमत बघा, त्याच अल्बममध्ये ‘आय ॲम युवर्स’ नावाचं एक छोटं गाणं आहे. त्याचे शब्द निजामीचे म्हणून श्रेयनामावलीत चक्क त्याचं नाव आहे. आठशे वर्षांपूर्वीचा फारसी कवी ब्लूज-रॉकच्या तबकडीवर सहलेखक! ते गाणं हळू आहे, आर्जवही नाही आणि आरडाओरडाही नाही. फलाटसाहेब, ऐका. त्यातला मजनू दहा पावलं लांब उभा असलेला आहे.

जुना फलाट (शनिवार, सायंकाळी ५.०२)

खर्जकाका, दख्खनीभाई, दंडवत घ्या. मी आपला कॅसेटवरून बोलत होतो, तुम्ही कुठल्या कुठे नेलंत.

गणू, तुझं पटत नाही असं नाही. पण गाण्यातला माणूस बरोबर वागतोय असं गाणंही म्हणत नाही ना? स्वतःला मूर्ख म्हणतोय तो. बरणीताईंची खुर्ची मात्र डोक्यातून जाईना. आज सकाळी गाणं लावलं आणि पहिल्यांदाच हाक मारणारा कोण यापेक्षा ऐकणारी काय करत असेल याकडे लक्ष गेलं.

शेपटाबद्दल अजून खात्री नाही.

सौ. तंबोरा (शनिवार, रात्री ८.४८)

मला रॉकमधलं काही कळत नाही, मुलाच्या खोलीतून येतं तेवढंच. पण एक मनात आलं. आपल्याकडे विरहात तळमळते ती बाई. ज्ञानोबांच्या विरहिण्या घ्या, गवळणी घ्या, बैठकीची लावणी घ्या. लिहिणारा पुरुष असला तरी तळमळायला तो बाईचा आवाज घेतो. पुरुषानं स्वतःच्या आवाजात ‘मी कोलमडलोय’ म्हणणं आपल्या गाण्यात कमी. फलाटभाऊंना ते थोर वाटलं त्याचं कारण हेही असेल.

मात्र विरहिणी कुणाच्या दारावर मुठी आपटत नाही हो. ती दारात बसून कावळ्याला विचारते, पाहुणा येणार का म्हणून.

(अवांतर: खर्जातला सा, तुम्ही ऑनलाइन शिकवता का? व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.)

नव्वदची बॅच (शनिवार, रात्री १०.३०)

काकालोक, आमच्यासाठी ‘लैला’ म्हणजे अनप्लग्ड, विजेच्या गिटारीशिवाय वाजवलेली. १९९२. केबल नुकती आलेली, एमटीव्हीवर चष्मेवाला क्लॅप्टन स्टुलावर बसून वाजवतोय. आधी लोकांना सांगतो, ओळखा हे कुठलं गाणं. आणि लोकांना खरंच ओळखू येत नाही! शब्द सुरू झाल्यावर टाळ्या. मुठी नाहीत, ओरडणं नाही, झोपाळ्यावर बसल्यासारखी लय. मला कॉलेजात असताना ते कुठल्या तरी जुन्या रॉक गाण्याचं रूप आहे हेच माहीत नव्हतं. मूळ ऐकलं तेव्हा वाटलं, हा माणूस इतका का ओरडतोय.

आता आकडे जुळवले तर हललो. मूळ गाताना २५ वर्षांचा. अनप्लग्डला ४६. मधल्या काळात पॅटी जॉर्जला सोडून आली, १९७९ मध्ये क्लॅप्टनशी लग्न झालं, त्या लग्नाच्या पार्टीत खुद्द जॉर्जनं येऊन वाजवलं, आणि १९८९ मध्ये घटस्फोटही झाला. अनप्लग्डच्या दहा महिने आधी त्याचा चार वर्षांचा मुलगा गेलेला. आणि तरी तो तेच शब्द गातो, वेड लागायच्या आत मार्ग काढ. लैला मिळून, तिच्याशी संसार मोडून झालाय. दख्खनीभाईंच्या मजनूला निदान ही पाळी आली नाही.

त्यात शेपूट नाहीये, फलाटकाका. त्या जागी चक लेव्हेलचा पियानो सोलो आहे. आणि चक लेव्हेल कोण? ड्वेन ऑलमन गेल्यानंतर १९७२ मध्ये ऑलमन ब्रदर्समध्ये पियानोला आलेला पोरगा. हे मला काल रात्री कळलं. झोप उडाली.

गप्पिष्ट गणू (शनिवार, रात्री १०.४१)

लग्नाच्या पार्टीत जुना नवरा वाजवायला? हे बीटल्सवाले वेगळ्याच मातीचे. माझी गच्ची मागे घेतो.

निळी बरणी (रविवार, सकाळी ८.१५)

जॉर्ज स्वतःला गमतीनं क्लॅप्टनचा ‘हजबंड-इन-लॉ’ म्हणायचा. जॉर्ज गेल्यावर बरोबर वर्षानं, २००२ मध्ये, लंडनला त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला, तो उभा करण्यात क्लॅप्टन पुढे होता. असो, शेपटाकडे येऊ. फलाटराव, बसून वाचा.

तो पियानो क्लॅप्टनचा नाही. गाण्याचा पहिला भाग झाल्यावर काही आठवड्यांनी वेगळा रेकॉर्ड करून जोडलेला आहे. वाजवला ड्रमर जिम गॉर्डननं. तो मधल्या वेळात स्टुडिओतल्या पियानोवर काहीतरी वाजवत बसायचा, क्लॅप्टनच्या कानावर पडलं, त्यानं मागून घेतलं. म्हणून गाण्याचे लेखक दोघे: क्लॅप्टन आणि गॉर्डन.

पण गायिका रिटा कूलिज सांगते की तिसरं नाव राहिलं. त्या वर्षी ती आणि गॉर्डन जोडीनं राहत होते. ती चाल दोघांनी मिळून केलेली, शब्दांसकट, गाण्याचं नाव ‘टाइम’. इंग्लंडला गेले असताना त्यांनी क्लॅप्टनला ते वाजवून दाखवलं आणि तिनं त्याची कॅसेट पियानोवर ठेवली. पुढे एक दिवस रेडिओवर ‘लैला’ लागली आणि तिला आपलीच चाल ऐकू आली. डॉमिनोजचा पियानोवाला बॉबी व्हिटलॉक यानंही तिच्या बाजूनंच सांगितलं होतं. १९७३ मध्ये तिची बहीण प्रिसिला आणि बुकर टी. यांच्या तबकडीवर ‘टाइम’ स्वतंत्र गाणं म्हणून आलं. ते लावा आणि मग तुमचं शेपूट लावा. ओळख पटवायला पंचनामा लागत नाही.

याच गॉर्डननं १९७० च्या दौऱ्यात एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये तिला असं मारलं की ती भिंतीवर जाऊन आदळली. संबंध तिथेच संपला. श्रेय मागायला गेली तेव्हा तिला उडवून लावलं.

म्हणजे जिच्या नावानं गाणं आहे ती गाण्यात बोलत नाही. आणि जी बोलली, शब्दांशिवाय, चार मिनिटं, तिचं नाव नाही. तुम्ही विचारता हे शेपूट कशाला.

सुरमई थाळी (रविवार, सकाळी ८.३१)

वडे गार झाले. वाचनखूण साठवली.

खर्जातला सा (रविवार, दुपारी १२.०५)

बरणीताई, हे माहीत नव्हतं. आता ती पांढरी एक वेगळीच ऐकू येईल.

गॉर्डनबद्दल एवढंच जोडतो की त्याला स्किझोफ्रेनिया होता, कानात आवाज यायचे. १९८३ मध्ये त्यानं स्वतःच्या आईला मारलं. उरलेलं आयुष्य तुरुंगात, २०२३ मध्ये तिथेच गेला. ड्वेन तर १९७१ च्या ऑक्टोबरात मोटारसायकलवरून पडून गेला, २४ वर्षांचा. आणि आज ज्याला आपण अभिजात म्हणतो तो अल्बम आला तेव्हा इंग्लंडमध्ये कुणी विचारलं नव्हतं. डेरेक म्हणजे क्लॅप्टन हेच अनेकांना कळलं नाही. रेडिओसाठी शेपूट छाटून छोटं गाणं काढलं, तेही फारसं चाललं नाही. १९७२ मध्ये शेपटासकट आलं तेव्हा चाललं: इंग्लंडात सातवं, अमेरिकेत दहावं. तेव्हा फलाटराव, तुमचा प्रयोग कंपनीनं आधीच करून पाहिला होता.

एक गृहपाठ देतो. आज हेडफोन नको, चांगला स्पीकर लावा. पियानो सुरू झाला की मागे ड्वेनची स्लाइड गिटार ऐका. बोटात काचेची नळी घालून तो तारेवर इतका वर जातो की गिटारीचे पडदे संपतात, त्याच्याही पलीकडे. आणि अगदी शेवटी, सगळे थांबल्यावर, बंद करू नका. तिथे ड्वेन एक छोटीशी गंमत करतो. काय ते सांगत नाही.

जुना फलाट (रविवार, रात्री ९.२०)

केला गृहपाठ.

आधी ‘टाइम’ ऐकलं. बरणीताई, पंचनामा खरंच नको. मग दिवाणखान्यात मोठ्या स्पीकरवर ‘लैला’. मुठी, हाका, सगळं नेहमीचं. पियानो सुरू झाला आणि बोट मोबाइलकडे गेलं, ते मांडीखाली दाबून बसलो. ‘खट्’ची जागा आली. इतक्या वर्षांनीही नेमकी कळते हो, तिसऱ्या फेऱ्याला. ती गेली आणि पियानो चालूच राहिला. त्याच त्या सुरावटीला पुन्हा पुन्हा येतो, घाई नाही, कुणाकडे काही मागणं नाही. वर ती गिटार लांब कुठेतरी. पहिल्या तीन मिनिटांत जी एकदाही बोलली नव्हती तिला इथे जागा आहे असं वाटलं, पण हे मला बरणीताईंनी आधीच सांगितल्यामुळेही वाटलं असेल.

मग एकेक वाद्य थांबत गेलं. मी तसाच बसून राहिलो. आणि त्या शांततेत गिटारीच्या तारेवर पक्षी. दोन-चार चिवचिवाट, बस.

मी काही बोलणार एवढ्यात आतून आवाज आला, ‘‘अहो, गॅलरीची जाळी उघडी राहिलीय का?’’